काचेखालची धूळ

धुळीला आपल्या भाषेने जेवढा मान दिला आहे तेवढा सोन्यालाही दिला नसेल. पाहुण्याला आपण घरी बोलावतो ते 'एकदा पायधूळ झाडा' असे म्हणून. म्हणजे येताना त्याने फळे-मिठाई नाही आणली तरी चालेल. धूळ मात्र अवश्य आणावी! गुरे रानातून परतताना जी धूळ उडते तिच्यावरून आपण एका मुहूर्ताला नाव दिले आणि त्या गोरजावर हजारो संसार थाटून दिले. आमच्या आजोबांनी पहिले अक्षर गिरवले ते धूळपाटीवर. या दिवाळीतसुद्धा लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी पाटावर ठेवून घरोघर तिला हळदकुंकू वाहिले जाईल. धुळीशी आपले वैर आहे खरे, पण ते जावाजावांचे: दिवसभर भांडावे आणि रात्री एकाच छपराखाली निजावे.

त्यातून आम्ही मराठवाड्यातली माणसे. आमची जमीन काळी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वर आलेल्या लाव्हाचा पाषाण झिजून झिजून तिची माती झाली. पावसात ती चपलेला अशी धरते की चप्पल मागे राहते आणि पाय पुढे जातो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरचा थर पिठासारखा भुरभुरीत होऊन वाऱ्यावर निघतो. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूरला जाणारा रस्ता चौपदरी होत होता त्या वर्षांत तर लाल एसटीतून उतरलेला माणूस घरच्यांना आवाजावरूनच ओळखावा लागे. माझे सासर नांदेडचे आणि माहेर लातूरचे. हा रस्ता मी चाळीस वर्षांहून अधिक काळ तुडवते आहे, आणि त्याच्या धुळीबद्दल मी कधी ब्र काढला नव्हता.

ती मोबाइलच्या काचेखाली जाऊन बसली तेव्हा मात्र आमचे बिनसले.

ज्यांना हा अनुभव नसेल त्या वाचकांचा मला हेवा वाटतो. काचेवरची धूळ पदराने पुसता येते. काचेखालची धूळ नुसती दिसते. बोट फिरवावे तर वाटते गेली. बोट उचलावे तर ती आपल्या जागी. पडदा उजळला की ती काळ्या ठिपक्यासारखी उठून दिसते आणि विझला की पांढरी होऊन चमकते. व्याह्यांच्या पत्रात ती नेमकी नको त्या अक्षरावर अनुस्वार देते. भावाच्या फोटोत ती त्याच्या कपाळावर बसते. एकदा तर कोणाच्या तरी बारशाच्या आमंत्रणात तारखेच्या दोनाचे तीन तिनेच केले, असा माझा अजून संशय आहे.

झाले होते ते असे. आमच्या नातवाच्या हातून फोन पडला आणि पडद्याला तडे गेले. वजिराबादेत एका टपरीवजा दुकानात एक पोरगा बसतो. त्याच्याकडे पडदा बदलून घेतला. पंधरा दिवस सगळे ठीक होते. मग मी लातूरला भावाकडे चार दिवस राहून आले, आणि उजव्या कोपऱ्यात तीन कण दिसू लागले. पोराने फोन उघडला, फुंकणीने वारा घातला, चिकटपट्टीच्या तुकड्याने कण टिपले, पुन्हा बंद केला. महिन्याने मी लातूरला गेले आणि तिनांच्या जागी सात कण घेऊन आले. तिसऱ्या खेपेला त्याने एक कण चिमट्याने उचलून आपल्या नखावर ठेवला आणि मला दाखवला.

"काकू, ही धूळ नांदेडची नाही."

"मग कुठली रे बाबा?"

"आपली काळी असती. ही पिवळी हाय बघा. कुठून आणायलाव?"

मी हसले. पस्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवल्यावर एखाद्या पोराने आपल्याला निरीक्षण शिकवावे याचा आनंदच होतो. पण तो पिवळा कण माझ्या मनात राहिला. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे.

धूळ पुन्हा पुन्हा का येते, हे त्या पोराने मला फार चांगले समजावून सांगितले. कारखान्यातून येतो तेव्हा फोनचा पडदा म्हणजे एकसंध वडी असते. वरची काच, बोटाचा स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारा थर हे तिन्ही पारदर्शक डिंकाने एकमेकांना असे जोडलेले असतात की मध्ये फटच नसते. जिथे फट नाही तिथे धूळ बसणार कुठे? बदलून घातलेल्या स्वस्त पडद्यात मात्र काच आणि चित्राचा थर यांच्यामध्ये हवेची एक पातळ फट राहते. शिवाय कडेला जो डिंकाचा बांध असतो तो एकदा फोडला की हाताने पुन्हा घातलेला बांध पहिल्यासारखा बसत नाही. कानाशी धरायच्या भोकावरची जाळीही उघडताना फाटते. मग फोन श्वास घेऊ लागतो. चार्जिंगला लावला की तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते; गार झाला की बाहेरची हवा आत ओढतो, आणि हवेबरोबर जे असेल तेही ओढतो. मी माझ्यापुरती त्यात एक भर घातली. लातूर नांदेडहून अडीचशे मीटरांपेक्षा अधिक उंच आहे. तेव्हा माहेरी जाताना फोन थोडी हवा सोडत असणार आणि सासरी उतरताना परत भरून घेत असणार! सासुरवाशिणीचे उसासे मी ऐकले होते, सासुरवाशीण फोन पहिल्यांदाच पाहिला.

पडदे जिथे जुळवतात त्या कारखान्यांतल्या खोल्यांविषयी वाचले की आपल्या घरच्या दिवाळीच्या साफसफाईची लाज वाटू लागते. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड नावाच्या गृहस्थाने अशा खोलीची युक्ती काढली. धूळ झाडत बसायचे नाही. गाळलेली हवा छतातून सतत खाली सोडायची आणि जमिनीच्या जाळीतून बाहेर न्यायची, म्हणजे जो कण उठेल तो खालीच जाईल. केरसुणी वाऱ्याची आणि ती चोवीस तास चालू! त्या काळच्या अमेरिकन मोजणीत चांगली खोली म्हणजे जिच्या एका घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या वर नाहीत ती. आमच्या पोराच्या टपरीसमोरून ऑटो जातात, शेजारी भज्यांची कढई आहे, आणि वर एक पंखा आहे ज्याच्या पात्यांवर धुळीची झालर लोंबते. तो पंखा फोन उघडताना तो बंद करतो. याहून अधिक त्याने काय करावे?

त्याने एक उपाय मात्र सांगितला. न्हाणीघरात कढत पाण्याचा फवारा दहा मिनिटे सोडून ठेवायचा. वाफेने हवेतली धूळ खाली बसते. मग पाणी बंद करून तिथे बसून फोन उघडायचा. उपाय खोटा नाही, जगभर हौशी माणसे तो करतात. नांदेडला तो करताही येईल. गोदावरी आमच्या उशाला आहे. दिवाळीच्या सुमारास गुरुद्वाऱ्यात तखतस्नान होते तेव्हा लोक नदीवरून घागरी भरभरून आणतात आणि सचखंड धुऊन काढतात. पांढरा संगमरवर ओला होऊन चकाकतो, ते पाहण्यासारखे असते. पण हाच उपाय मी फोनवर लातूरला दादाला सांगितला, तेव्हा पलीकडे क्षणभर काही ऐकूच आले नाही.

"बाई," दादा म्हणाला, "दहा मिनिटं पाणी सोडून द्यायचं? फोनला अंघोळ घालायची?"

मी गप्प बसले. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली तेव्हा दादा ती पाहायला स्टेशनवर गेला होता. देवाच्या पालखीला जावे तशी माणसे गेली होती, असे तो सांगतो. त्या उन्हाळ्यात वहिनी तांदूळ धुतलेल्या पाण्याने भांडी विसळीत आणि भांडी विसळलेल्या पाण्याने अंगणात सडा टाकीत. त्या घरात धुळीवरचा उपाय म्हणून पाणी सांगणे म्हणजे उपवासाच्या घरी जेवणाचे कौतुक सांगणे.

आता त्या पिवळ्या कणाकडे येते.

लातूर म्हटले की लोकांना गंजगोलाई आठवते. मध्ये अंबाबाईचे देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. पण लातूरचा वास गंजगोलाईचा नाही. तो तुरीचा आहे. मोंढ्यात तूर येते आणि डाळमिलींत तिची डाळ होते. आपण वरणाचा भुरका मारतो तेव्हा त्यामागे किती खटाटोप असतो याची कल्पना नसते. तुरीचे टरफल फार चिवट. आधी ती खरखरीत एमरीच्या रुळांतून काढून टरफलाला ओरखडे पाडायचे, मग तेलाचा हात फिरवून ढीग लावून ठेवायची, तेल मुरू द्यायचे, पाणी शिंपडायचे, उन्हात वाळवायची, पुन्हा रुळांतून काढायची, चाळायची, वाऱ्यावर टरफल उडवायचे. डाळ निघते, गुरांसाठी चुनी निघते आणि या दोन्हींबरोबर निघते ती पिवळी भुकटी. ती कोणी विकत घेत नाही. ती पोत्यांवर, पंख्यांवर, दिव्यांवर, माणसांच्या भुवयांवर बसते. संध्याकाळी खिडकीतून तिरपे ऊन आले की सगळी मिल सोन्याच्या धुक्यात बुडाल्यासारखी दिसते. लहानपणी मला ते दृश्य फार आवडे.

दादा विसाव्या वर्षी अशा एका मिलीत लागला आणि पन्नास वर्षे होत आली तरी तिथेच आहे. आधी चाळण्यांवर, मग रुळांवर, आता हिशेबाला. रुळांत तूर पडल्याच्या नुसत्या आवाजावरून तो ओल किती आहे ते सांगतो. लातूरला गेले की दुपारचा डबा घेऊन मी त्याच्याकडे जाते, तासभर तिथेच बसते आणि नातवाला फोनवर मिल दाखवते. पिवळा कण येत होता तो तिथून. एवढा उलगडा व्हायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

पण त्यामुळे मी दुसऱ्याच गोष्टीकडे पाहू लागले. रविवारी दादाशी तोंड पाहून बोलताना त्याच्या कपाळावर कण दिसे म्हणून मी वैतागत असे. आता मी कणाकडे पाहीनाशी झाले आणि दादाच्या खोकल्याकडे कान देऊ लागले. दोन वाक्यांनंतर एक खोकला. वहिनींना विचारले तर त्या म्हणाल्या, "ते तर लग्नापासून खोकायलेत." घड्याळाच्या टिकटिकीसारखा तो खोकला त्या घराला ऐकू येईनासा झाला होता.

फोन धुळीला किती दाद देत नाही हे ठरवण्याची एक रीत आहे. जाहिरातीत 'आयपी' अशी अक्षरे आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, आणि सहा असला तर धूळ आत शिरत नाही असे समजायचे. ही परीक्षा कशी घेतात हे वाचून मला हसू आले. बंद पेटीत चक्क टाल्कम पावडर उधळतात! पंचाहत्तर मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली भुकटी पेटीत घुमवत ठेवतात, फोनच्या आतली हवा खेचून त्याला श्वास घ्यायला लावतात, आणि आठ-आठ तासांनी उघडून पाहतात. बाळाला न्हाऊ घातल्यावर जे लावायचे त्याने यंत्राची परीक्षा! सॅमसंगने घडीचा फोन काढला तेव्हा बिजागरीच्या फटीतून कचरा पडद्याखाली गेला आणि एप्रिल २०१९ मध्ये ठरलेली त्याची विक्री पुढे ढकलावी लागली. तो सप्टेंबरमध्ये बाजारात आला. २०२० च्या फेब्रुवारीत आलेल्या पुढच्या घडीच्या फोनमध्ये बिजागरीत बारीक तंतूंची झालर बसवली होती, धूळ आत जाण्यापूर्वीच अडवायला. एवढे मोठे इंजिनिअर. शेवटी त्यांनी शोध लावला तो नाकातल्या केसांचा!

नाकातले केस आणि त्यामागचा ओलावा मोठे कण अडवतात. त्याहून बारीक कण श्वासनलिकेतली लव चिकट थरावर बसवून वर ढकलते, आणि आपण ते खोकून टाकतो. दहा मायक्रॉनपेक्षा लहान कण यालाही चुकवतात. अडीच मायक्रॉनखालचे तर थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत पोचतात. आपला केस असतो सत्तर मायक्रॉनांच्या आसपास जाड. म्हणजे माझ्या पडद्यावर जो कण मला डोळ्यांनी दिसत होता आणि ज्याने माझा जीव नकोसा केला होता, तो बिचारा कोणाच्या फुप्फुसात जाण्याच्या लायकीचाच नव्हता. जो जातो तो दिसत नाही. फोनला निदान डिंकाचा बांध असतो. मिलीतल्या माणसाला खांद्यावरचा गमछा.

मी दादाच्या मागे लागले. तो तीन महिने 'बघू' म्हणाला. सुगी आहे, ऑडिट आहे, पाहुणे आहेत. शेवटी मी नांदेडहून गेले आणि सकाळी त्याच्याआधी चप्पल घालून दारात उभी राहिले. लहान बहिणीचा हट्ट सत्तरीच्या भावालाही मोडता येत नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी छाती तपासण्याआधी विचारले, "आजोबा, काम काय करता?" मला एकदम बरे वाटले. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्याला आणखी एक प्रश्न विचारत जा, तुझा धंदा काय, असे त्याने वैद्यांना सांगून ठेवले आहे. त्या ग्रंथात धान्य चाळणाऱ्यांवर आणि मापाऱ्यांवर वेगळे प्रकरण आहे. धान्याच्या धुळीने त्यांचा घसा, छाती आणि डोळे कसे पीडतात ते त्यात दिले आहे. सव्वातीनशे वर्षे झाली त्याला.

दादाला एका नळीत जोराने फुंकायला लावले. तो फुंकू लागला. डॉक्टर म्हणाले, "अजून, अजून, अजून." दादाचे गाल फुगले, डोळ्यांत पाणी आले, पण यंत्रावरची रेघ उंच जाईना. लग्नात सनई वाजवणाऱ्याला हसणारा माझा भाऊ एका नळीपुढे हरला. फोटो काढला, तो काचेच्या उजेडावर लावला. क्षयाचे काही नव्हते. वर्षानुवर्षांच्या भुकटीने श्वासनलिका आकसल्या होत्या. गेले ते परत यायचे नाही, आहे ते राखता येईल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दोन वेळा ओढायचा पंप दिला. आणि धुळीत जाऊ नका म्हणाले.

"मग जाऊ कुठं?" दादाने विचारले.

हे डॉक्टरांना उद्धटपणाचे वाटले असावे. मला नाही वाटले. ज्याने पन्नास वर्षे तुरीचा आवाज ऐकला त्याने सकाळी दहा वाजता कुठे जावे, हा खराच प्रश्न आहे. घरात बसावे, तर वहिनींच्या कामात लुडबुड. देवळात बसावे, तर तिथल्या म्हाताऱ्यांशी याचे जमत नाही. आठ दिवस तो घरी बसला आणि नवव्या दिवशी पंप खिशात घालून मिलीत गेला.

मिलीच्या मालकांनी एक चांगले काम केले. त्यांचे वडील आणि दादा एकाच वयाचे. त्यांनी हिशेबाच्या जागेला तिन्ही बाजूंनी काचा लावून एक खोली केली, दाराला खालून रबराची पट्टी लावली आणि दादाला आत बसवले. मिलीत फिरायचे नाही, काही हवे तर आतून खूण करायची. रुळांवरच्या पोरांना जाळीचे नव्हे, चांगल्या कापडाचे मुखवटे आणून दिले. ती पोरे ते हनुवटीवर बांधतात, पण निदान बांधतात. दादा दोन-तीनदा उठून त्यांच्यावर ओरडतो आणि काचेमुळे त्यांना ऐकू जात नाही, ही त्याची नवी तक्रार आहे. तुरीचा आवाजही नीट येत नाही म्हणतो.

माझा फोन तसाच आहे. चौथ्यांदा उघडायला तो पोरगाच तयार झाला नाही. "काकू, दरवेळी उघडला की बांध अजून ढिला होतो, उगीच तीनशे रुपये कामून घालवायलाव?" म्हणाला. गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी फार दिवसांनी पाहिला. नव्या फोनचे पैसे मुलगा पाठवतो म्हणतो, पुढे बघू.

परवा, भाऊबीजेला कधी येऊ ते विचारायला दादाला फोन लावला. तो त्याच्या काचेच्या खोलीत बसला होता. खोकला आहे, पण आता चार वाक्यांनंतर एक. बोलता बोलता तो उठला, खांद्यावरचा गमछा काढला आणि समोरची काच पुसू लागला. बाहेरून नाही, आतून.

"बाई, पट्टी लावली तरी कुठनं शिरायली काय की," तो म्हणाला, आणि पुसलेल्या जागेतून त्याने पलीकडच्या पोराला मुखवटा वर करायची खूण केली.